मोटारीचा जीर्णोद्धार



गंज ही वस्तु कोणाला नवीन नाहीं. पावसाळ्यांत अंगणांत विसरून राहिलेली कोयती, माडीच्या खिडकीचे गज, विहिरीवरील साखळी, या सर्वांवर चढलेली ती तांबूस पूड आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. आणि अतिपरिचयामुळें माणूस जसा पुष्कळ गोष्टींविषयीं विचार करण्याचें सोडून देतो, तसें त्यानें गंजाविषयींहि सोडून दिलें आहे. मी स्वतः याविषयीं विचार करावयास शिकलों तो एका फसवणुकीमुळें. ती हकीकत प्रथम सांगतों, कारण आजच्या भाषणाचें बीज तींतच आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं एक जुनी फियाट मोटार विकत घेतली. ती १९६६ सालीं मुंबईंत तयार झालेली होती. रंग आरशासारखा होता, दारें ठाकठीक लागत होतीं, आणि विकणाऱ्या गृहस्थांनीं गाडीचें सर्व पत्राकाम नवें करून घेतल्याचें मोठ्या अभिमानानें सांगितलें होतें. ती गाडी मीं एका वृद्ध मिस्त्रींना दाखविली. त्यांनीं तिच्या झगमगाटाकडे फारसें पाहिलें नाहीं. खिशांतून एक लहानसा लोहचुंबक काढून तो ते दाराच्या खालच्या कडेवरून हळूहळू फिरवूं लागले. चुंबक एक-दोन ठिकाणीं चिकटला, आणि पुढें टपकन् खालीं पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मिस्त्री उठून उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, इथं पत्राच नाही. नुसती लांबी भरलीय.”

‘वरून कीर्तन, आंतून तमाशा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा अर्थ मला त्या दिवशीं नव्यानें कळला. पत्रा गंजून नाहींसा झाला होता. त्या जागीं कोणीतरी लांबी चोपडून, ती घासून, वर रंग दिला होता. आंत गंजाचें काम निर्वेधपणें चालूच होतें. तेव्हां प्रश्न असा उभा राहिला कीं, हा गंज आला कोठून, तो नेमका तेथेंच कां आला, आणि प्रामाणिक माणसानें त्याचा उपाय करावा कसा? या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधूं गेलें असतां मोटारीच्या शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उलगडत जातो.

प्रथम गंजाचें स्वरूप पाहूं. लोखंड पृथ्वीवर शुद्ध स्थितींत क्वचितच आढळतें. खाणींतून निघतो तो त्याचा दगड, म्हणजे लोह आणि प्राणवायु यांचा संयोग. भट्टींत कोळशाच्या साहाय्यानें आपण तो प्राणवायु त्याच्यापासून हिरावून घेतों आणि शुद्ध धातु मिळवितों. परंतु हें लोखंडाचें स्वाभाविक रूप नव्हे. ओलावा आणि हवा हीं दोन्हीं मिळतांच तें आपल्या मूळ स्थितीकडे परत जावयास निघतें. गंज म्हणजे हाच परतीचा प्रवास. दोहोंपैकीं एकच असेल तर हा प्रवास जवळजवळ थांबतो: कोरड्या हवेंत लोखंड टिकतें, आणि हवा काढून टाकलेल्या पाण्यांतहि तें पुष्कळ काळ टिकतें. पाण्यांत मीठ असेल तर मात्र त्यांतून विद्युत् अधिक सुलभपणें वाहते आणि गंजाला वेग येतो. म्हणूनच कोंकणपट्टीवरील खारी हवा, आणि युरोप-अमेरिकेंत हिंवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर पसरलेलें मीठ, हीं दोन्हीं मोटारींचीं सारखींच शत्रु ठरलीं.

तांब्यावर चढणारा हिरवा थर कित्येकदां आंतील धातूचें रक्षण करतो. गंजाची गोष्ट उलट आहे. मूळ लोखंडापेक्षां तो दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळें तो फुगतो, रंगाला खालून उचलतो, सुटून पडतो, आणि आंतील नवें लोखंड पुन्हा हवापाण्याच्या स्वाधीन करतो. रंगावर आलेला लहानसा फोड हा रोगाचा आरंभ नसून, आंत पुष्कळ कारभार उरकल्यावर आलेली ती वर्दी असते.

आतां दुसरा प्रश्न: गंज दाराच्या तळाशींच कां? छपरावर पाऊस सरळ पडतो, तें छप्पर शाबूत. आणि जेथें थेंबहि पडल्याचें दिसत नाहीं ती आंतली कड खाऊन गेलेली, असें कां व्हावें? याचें उत्तर केंब्रिजचे शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत एका अत्यंत साध्या प्रयोगानें दिलें. त्यांनीं स्वच्छ पोलादावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवा सहज मिळते, मध्यभागीं ती कमी पोंचते. सामान्य बुद्धीला वाटेल कीं जेथें हवा अधिक तेथें गंज अधिक. प्रत्यक्षांत मध्यभागचें लोखंड झिजलें आणि कड सुरक्षित राहिली. हवा मिळणारा भाग आणि हवा न मिळणारा भाग यांच्यामध्यें एक सूक्ष्म विद्युत्-घट तयार होतो, आणि त्यांत बळी जातो तो हवेवांचून कोंडलेला भाग. चिखलाच्या थराखालीं, दोन पत्र्यांच्या सांध्यांत, गाडीच्या तळाशीं अंथरलेल्या ओल्या गालिच्याखालीं नेमकी हीच परिस्थिति असते. दाराच्या तळाशीं पाणी निघून जावें म्हणून लहान भोकें ठेवलेलीं असतात. तीं धुळीनें बुजलीं कीं दार ही एक बंद टांकी होते, आणि पुढील कथा ठरलेली असते.

येथें आपल्या देशांतील एका प्रसिद्ध वस्तूचें स्मरण होणें साहजिक आहे. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षें उन्हापावसांत उभा आहे, आणि त्यावर गंजाचा मागमूस फारच थोडा आहे. हा चमत्कार नव्हे. त्या काळच्या लोहारांनीं कोळशाच्या भट्टींत काढलेल्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण आजच्या पोलादापेक्षां पुष्कळ अधिक राहिलें. कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेंतील डॉ. बालसुब्रह्मण्यम यांनीं या स्तंभाचा जो अभ्यास केला, त्यावरून दिसून आलें कीं या फॉस्फरसामुळें स्तंभावर एक पातळ, घट्ट संरक्षक पापुद्रा तयार झाला आहे. दिल्लीची बव्हंशीं कोरडी हवाहि त्याला अनुकूल ठरली. फॉस्फरसाचें हें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें तें पुन्हा येणार आहे.

आतां मोटारीकडे वळूं. मोटारीचा जन्म घोडागाडीच्या घरांत झाला. आरंभींच्या काळीं इंजिन आणि चॅसी एक कारखाना करी, आणि तींवर माणसांनीं बसण्याची जागा उभारण्याचें काम बग्गी बांधणाऱ्या कारागिरांकडे जाई. लंडनमधील बार्कर आणि हूपर या जुन्या पेढ्या प्रथम बग्ग्या बांधीत. त्यांनींच पुढें रोल्स-रॉइसच्या चॅसीवर आपल्याकडील राजेरजवाड्यांसाठीं थाटाच्या मोटारी उभ्या केल्या. मद्रासेंत १८४० सालीं स्थापन झालेल्या सिम्प्सन कंपनीचीहि वाट हीच. या पद्धतींत मुख्य काम सुताराचें. अ‍ॅश नांवाच्या चिवट लांकडाचा सांगाडा तो करी, आणि त्यावर पोलादाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा खिळ्यांनीं आणि कडा दुमडून बसविला जाई. पत्रा हें केवळ कातडें होतें. हाडें लांकडाचीं होतीं. त्यामुळें अशा गाडीचा जीर्णोद्धार करतांना आजहि प्रथम सुताराला बोलवावें लागतें. पत्रा सुस्थितींत दिसला तरी आंतील लांकूड कुजलेलें असतें, आणि ज्या लांकडानें ओल धरली, त्याच लांकडानें पत्राहि आंतून खाल्लेला असतो.

ही पद्धति मोडली ती सौंदर्याच्या कारणानें नव्हे, तर भट्टीच्या कारणानें. लांकडी सांगाड्यावरील रंग वाळावयास कित्येक दिवस, कधीं कधीं आठवडे लागत. सर्वस्वीं पोलादाची बॉडी असेल तर ती रंगासह भट्टींत घालून भाजतां येते. लांकूड असेल तर तें जळेल! अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें एडवर्ड बड या उद्योजकानें १९१२ सालीं कारखाना काढला, आणि ऑस्ट्रियांत जन्मलेला जोसेफ लेडविंका हा अभियंता त्याचा सहकारी झाला. दाबयंत्रांत पत्रे दाबून आणि ते एकमेकांस वितळजोडानें सांधून त्यांनीं संपूर्ण पोलादी बॉडी सिद्ध केली. आणि १९१४ सालीं नव्यानें मोटारी बनवूं लागलेल्या डॉज बंधूंनीं ती पत्करली. यानंतर सुताराचें महत्त्व ओसरत गेलें. तरी बंद गाडीच्या छपराचा मधला भाग बरीच वर्षें कापडाचाच असे, कारण तेवढा रुंद अखंड पत्रा दाबणें सोपें नव्हतें. जनरल मोटर्सनें १९३५ सालच्या गाड्यांवर अखंड पोलादी छप्पर आणलें, तेव्हां तो प्रश्नहि मिटला.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें याहून मोठी क्रांति दुसरीच होती. इटलींतील लॅन्सिया कंपनीनें १९२२ सालीं दाखविलेल्या लँब्डा या गाडींत, आणि फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीनें १९३४ सालीं काढलेल्या त्राक्सियों आव्हां या गाडींत, वेगळी जाड चॅसी ठेवलीच नाहीं. बॉडी हाच सांगाडा. पातळ पत्रे दुमडून त्यांच्या पोकळ पेट्या करावयाच्या, त्या ठिकठिकाणीं टांके घातल्याप्रमाणें वितळजोडानें सांधावयाच्या, आणि सर्व भार त्यांवर टाकावयाचा. गाडी हलकी झाली, बुटकी झाली, पेट्रोल वांचलें. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धति बहुतेक सर्व लहान गाड्यांनीं उचलली, आणि आपल्याकडील फियाट त्यांतलीच. पण या सुधारणेनें गंजाचा दर्जा बदलला. पूर्वीं गंज हा त्वचेचा विकार होता. आतां तो हाडांचा झाला. दाराखालीं दोन्हीं बाजूंनीं जी लांब पेटी धांवते, जिला इंग्रज कारागीर उंबरठा म्हणतात, ती गाडीचा कणाच असते. तिच्या आंत रंग पोंचत नाहीं, डोळा पोंचत नाहीं, आणि पाणी मात्र पोंचतें. ती कुजली कीं गाडी मध्यें वांकूं लागते, दारें लागेनाशीं होतात, आणि आपटीच्या वेळीं जो भाग माणसाला वांचवावयाचा तो कागदासारखा चुरगळतो. माझ्या फियाटीच्या त्या पेटींत लांबी भरणाऱ्या माणसानें केवळ पैशाची फसवणूक केली नव्हती. त्यानें आंत बसणाऱ्यांच्या जिवाशीं खेळ केला होता.

आपल्या देशांत या दुरुस्तीला एक स्वतंत्र इतिहास आहे. जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडी येथें पेटाऱ्यांतून आलेल्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली. पुढें वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ सालीं मोटारी बाहेर पडूं लागल्या. त्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर निर्बंध आले, देशांत बनणाऱ्या गाड्या थोड्या आणि मागणी मोठी, त्यामुळें नव्या गाडीसाठीं वर्षानुवर्षें नंबर लावून बसावें लागे. अशा स्थितींत गाडी टाकून देणें हा विचारच कोणाच्या मनांत येत नसे. बाहेर देशीं जो पत्रा काढून फेंकला गेला असता, तो येथें ठोकून, जोडून, पुन्हा उभा केला गेला. हें काम करणारे हात नव्या शाळेंत तयार झाले नव्हते. घागरी-हंडे ठोकणारे, भांड्यांना कल्हई लावणारे, नांगराचे फाळ घडविणारे जे हात पूर्वींपासून या देशांत होते, त्यांचेंच हस्तलाघव गॅरेजांत नव्या रूपानें दिसूं लागलें.

हें केवळ अलंकारिक बोलणें नव्हे. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत ज्यांनीं मठारकाम पाहिलें असेल, त्यांना मोटारीच्या पत्र्याचें काम समजावून सांगण्याची गरजच नाहीं. तांबट भांडें मठारतो, म्हणजे लहान लहान ठोके एकाशेजारीं एक देत जातो. त्या ठोक्यांनीं नक्षी तर उमटतेच, पण मुख्य गोष्ट अशी कीं धातु घट्ट आणि कणखर होतो. फार ठोकल्यानें तो ठिसूळ होऊं लागला, कीं त्याला भट्टींत तापवून पुन्हा मऊ करावें लागतें. पोलादी पत्र्यालाहि हेच दोन नियम लागू आहेत. पोचा आलेला पत्रा म्हणजे अपघातानें चुकीच्या जागीं ठोकला जाऊन कणखर झालेला पत्रा. त्याला पूर्ववत् करावयाचें तर कारागीर पत्र्याच्या एका बाजूस डॉली नांवाची घोटीव लोखंडी ऐरण हातांत धरतो आणि दुसऱ्या बाजूनें हातोडी चालवितो. डॉली खोलगट भागाखालीं आणि हातोडीचा ठोका शेजारच्या उंचवट्यावर, ही यांतली पहिली युक्ति. नवशिका सरळ डॉलीवरच जोरानें ठोकतो. मग पत्रा दोन पोलादांत सांपडून पातळ होतो, ताणला जातो, आणि सपाट होण्याऐवजीं डब्याच्या तळासारखा आंत-बाहेर भप्भप् करूं लागतो.

ताणलेला पत्रा पुन्हा आखडावयाचा कसा? येथें कारागीर जें करतो तें पाहून मीं थक्क झालों. फुगलेल्या जागीं रुपयाएवढा भाग तो ज्योतीनें लाल करतो. तापलेला पत्रा पसरूं पाहतो, परंतु सभोंवारचा थंड पत्रा त्याला पसरूं देत नाहीं; म्हणून तो जागच्या जागीं जाड होतो. मग हातोडीचे दोन-चार हलके ठोके आणि ओल्या फडक्याचा स्पर्श. निवतांना तो भाग आखडतो आणि भोंवतालचा पत्रा आपल्याकडे ओढून घेतो. चार-सहा ठिकाणीं असें केल्यावर जो पत्रा मघां भप्भप् करीत होता, तो नगाऱ्याच्या कातड्यासारखा ताठ होतो. यांत मोजमापाचें साधन एकच, तें म्हणजे तळहात. डोळ्याला न दिसणारा उंचसखलपणा मिस्त्री डोळे मिटून, पत्र्यावरून हात फिरवून सांगतात.

परंतु पोचा वेगळा आणि गंज वेगळा. पोच्यांत धातु जागेवर असतो. गंजांत तो गेलेलाच असतो. त्यावर ठोकण्याचा इलाज नाहीं. शस्त्रक्रियाच करावी लागते. तिचा पहिला नियम असा कीं, कुजका भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापावा. भोक बोटाएवढें दिसलें तरी भोंवतालचा वीतभर पत्रा आंतून पातळ झालेला असूं शकतो. अशा पातळ कडेवर ज्योत धरली तर ती सांधली जात नाहीं, जळून जाते. दुसरा नियम असा कीं, कापण्यापूर्वीं गाडीला आधार द्यावा. कणा कापतांना आंतून लोखंडी आडवे दांडे जोडून दाराच्या चौकटीचें माप जसेंच्या तसें धरून ठेवावें लागतें. नाहीं तर ठिगळ उत्तम बसतें आणि दार मात्र कायमचें बसत नाहीं. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून, त्याबरहुकूम नवा पत्रा कातरून, तो वाळूच्या पिशवीवर लांकडी हातोड्यानें खोलगट करून, आणि दोन चाकांच्या मध्यें मागें-पुढें फिरवून त्याला मूळच्यासारखी गोलाई आणावी लागते. हा पत्रा एक मिलिमीटरच्या आंतबाहेरचा, म्हणजे फारच पातळ असतो. सलग जोड देत गेल्यास उष्णतेनें तो लाटेसारखा उठतो. म्हणून एक टांका येथें, दुसरा दूर तेथें, मध्यें थंड होऊं द्यावयाचें, अशा संयमानें तो जोडावा लागतो. ठिगळ जुन्या पत्र्यावर नुसतें चढवून जोडणें सोपें. पण त्या दोन थरांमध्यें पाणी शिरण्यास नवी फट तयार होते, आणि इव्हान्स यांचा तो थेंब पुन्हा आपलें काम सुरू करतो. कडेला कड भिडवून केलेला सांधा कठीण खरा, पण तोच टिकाऊ.

सांधा घासल्यावर जो किंचित् खळगा उरतो तो भरण्याची जुनी रीत आपल्या कल्हईवाल्याची सख्खी बहीण आहे. कल्हईवाला भांडें तापवून, नवसागरानें तें स्वच्छ करून, कथलाचा पातळ थर देतो. मोटारीचा कारागीर त्याचप्रमाणें पत्रा स्वच्छ करून प्रथम त्यावर कल्हई चढवितो आणि मग तीवर शिसें आणि कथील यांचें मिश्रण बसवितो. शिसें सत्तर भाग आणि कथील तीस भाग असें हें मिश्रण १८३ अंश सेंटिग्रेडपासून मऊ होऊं लागतें, आणि पूर्ण पातळ होण्यापूर्वीं बराच वेळ तें लोण्याच्या गोळ्यासारखें राहतें. तेवढ्या अवधींत मेण किंवा चरबी लावलेल्या लांकडी पट्टीनें तें हवें तसें लिंपतां येतें. हा लेप धातूशीं एकजीव होतो, ओल धरीत नाहीं, आणि पिढ्यान्पिढ्या टिकतो. दोष एकच, पण तो मोठा आहे: शिसें विषारी आहे. त्याची धूळ उडूं न देतां तें कानशीनेंच घासावें लागतें. १९५० नंतरच्या काळांत रासायनिक लांबी आली, ती स्वस्त आणि सोपी म्हणून सर्वत्र पसरली. लांबी मुळांत वाईट नव्हे. स्वच्छ, अखंड पत्र्यावर पातळ थर दिला तर ती आपलें काम चोख करते. तिचा अपराध सुरू होतो तो ती पत्र्याची जागा घेऊं लागते तेव्हां.

गंज कांहीं ठिकाणीं खोल गेलेला नसतो, वरवर असतो. तेथें रसायनांचा उपयोग होतो, आणि येथें फॉस्फरस परत येतो. इंग्लंडांत टॉमस कॉस्लेट यानें १९०६ सालीं लोखंडाला फॉस्फरिक अ‍ॅसिडाच्या द्रावणांत बुडवून त्यावर संरक्षक थर आणण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. रंग देण्यापूर्वीं मोटारींच्या पत्र्यांवर हाच संस्कार, सुधारलेल्या रूपांत, होऊं लागला. दिल्लीच्या स्तंभावर जें काळानें केलें, तें कारखान्यांत अल्पावधींत घडूं लागलें. दुसरें द्रव्य तर आपल्या अधिकच ओळखीचें आहे. गंजाला काळ्या, स्थिर पदार्थांत पालटणाऱ्या कांहीं औषधांत टॅनिन असतें. महाबळेश्वराच्या रानांतला हिरडा टॅनिनानें भरलेला असतो. हिरड्याच्या काढ्यांत हिराकस टाकून आपले पूर्वज शाई करीत. टॅनिन आणि लोह यांचा संयोग झाला कीं काळानिळा रंग उमटतो, तीच ही क्रिया. दप्तरखान्यांतील अक्षरें ज्या रसायनानें टिकलीं, त्याच रसायनानें मोटारीचा पत्रा टिकतो, हें पाहून मौज वाटते.

कारखानदारांनींहि पुढें या शत्रूची दखल घेतली. लोखंडावर जस्ताचा थर देण्याची कृति सोरेल या फ्रेंच गृहस्थानें १८३७ सालींच शोधली होती. जस्त स्वतः झिजतें आणि लोखंडाला वांचवितें. परंतु मोटारींच्या बॉडीला तिचा सर्रास लाभ मिळण्यास शतकाहून अधिक काळ जावा लागला. पोर्शे कंपनीनें आपल्या गाड्यांना जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरण्यास १९७५ सालीं आरंभ केला, तेव्हां ती गोष्ट नवलाची ठरली. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें बॉडी रंगाच्या हौदांत बुडवून विजेच्या प्रवाहानें तो रंग कानाकोपऱ्यांत पोंचविण्याची पद्धति व्यवहारांत आणली. आजच्या गाड्या पूर्वींपेक्षां कमी गंजतात याचें श्रेय या दोन गोष्टींना पुष्कळ अंशीं आहे. परंतु आमच्या जुन्या गाड्यांना यांतलें कांहींच मिळालेलें नव्हतें. त्यांना मिळाला तो मिस्त्रींचा हातच.

आतां शेवटचा आणि खरा वादाचा प्रश्न. जुनी गाडी दुरुस्त करतांना किती पत्रा ठेवावा आणि किती बदलावा? सर्व पत्रा नवा घातला, तर गाडी निर्दोष होईल. पण ती तीच गाडी राहील काय? आणि कांहींच बदललें नाहीं, तर ती रस्त्यावर धांवण्यास लायक राहील काय? देवळांच्या जीर्णोद्धारांत हा प्रश्न आपण नित्य पाहतों. जुना काळा दगड उतरवून त्या जागीं चकचकीत फरशी बसविली, कीं गांवकरी खूष होतात आणि इतिहासाचा अभ्यासक कपाळाला हात लावतो. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१२ सालीं मान्य केलेल्या तूरिनच्या सनदेंत यासंबंधीं जो दंडक आहे, तो थोडक्यांत असा: मूळचें शक्य तितकें राखावें, हस्तक्षेप आवश्यक तेवढाच करावा, आणि जें केलें त्याची नोंद ठेवावी.

माझ्या मिस्त्रींनीं ती सनद वाचलेली नव्हती. पण मीं त्यांना म्हटलें, “सगळी खालची बाजू नवीन घाला, खर्चाचं बघू,” तेव्हां ते म्हणाले, “साहेब, मेलेलं तेवढंच कापायचं. जितं आहे त्याला हात लावायचा नाही.” त्यांनीं दोन्हीं बाजूंचा कणा कापून नवा घातला, चारी दारांच्या तळाशीं चार-चार बोटें पत्रा बदलला, आणि उजव्या मडगार्डाला, जो मला टाकाऊ वाटत होता, आठवडाभर ठोकून जिवंत केलें. कणा बंद करण्यापूर्वीं त्यांनीं त्याच्या आंतल्या बाजूस काळजीपूर्वक रंग दिला आणि गाडी पूर्ण झाल्यावर भोकांतून आंत मेण सोडलें. मीं विचारलें, ही बाजू आतां कोणाला दिसणार? ते म्हणाले, “पाण्याला दिसते ना!” काम संपल्यावर त्यांनीं तोच लोहचुंबक माझ्या हातीं दिला आणि मला स्वतःलाच तो सर्व गाडीवरून फिरवावयास लावला. तो कोठेंहि पडला नाहीं.

या उत्तरांत मला साऱ्या विषयाचें सार दिसतें. गंजाचा इतिहास हा दडलेल्या जागांचा इतिहास आहे. गाडीचें बाहेरील रूप सुधारण्याकडे प्रत्येक पिढीनें लक्ष दिलें आणि प्रत्येक सुधारणेबरोबर न दिसणाऱ्या फटी वाढत गेल्या. त्या फटींत शिरून काम करणारा कारागीर मात्र कमी होत चालला आहे. आज गॅरेजांत पोचलेला भाग काढून नवा आणून बसविण्याकडे कल आहे, आणि रोजच्या गाड्यांना तें सोयीचेंहि आहे. पण ज्या गाड्यांचे भाग आतां कोठेंच बनत नाहींत, त्यांना हातोडीवांचून गति नाहीं. माझ्या मिस्त्रींचे दोन्हीं चिरंजीव दुसऱ्या उद्योगांत आहेत. याचा दोष त्यांना देतां येत नाहीं. ज्या कामाची किंमत रंगावरून ठरते, त्या कामांत पत्रा शिकावयास कोण राहील?

ज्या फियाटीच्या वंशांतल्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनीं मुंबईची कित्येक वर्षें सेवा केली, त्यांचा काळ ऑक्टोबर २०२३ मध्यें संपला. वयोमर्यादेचा नियम होता आणि तो योग्यच होता. आतां त्या गाड्यांपैकीं ज्या थोड्या जिवापाड जपलेल्या राहतील, त्या पुढील पिढीला आपल्या शहराची एक खूण म्हणून दाखवितां येतील. त्या दाखवितांना त्यांचा रंग पाहून आपण फसूं नये, एवढीच विनंति. खिशांत एक लोहचुंबक असूं द्यावा. आणि ज्याच्या हातचा पत्रा त्याला धरून ठेवतो, त्या कारागिराचें नांव विचारून घ्यावें. कारण गाडीच्या मालकाचें नांव कागदावर राहतें, पण तिला पुन्हा उभी करणाऱ्याचें नांव कोठेंच राहत नाहीं.